फिल्म म्हणजे नुसते चोचले? नाही बुवा

'डिजिटल कॅमेरा असताना फिल्मचा रोल भरणं म्हणजे नुसते चोचले' या मताशी सहमत नाही. लग्नाच्या ऑर्डरी मीही डिजिटलवरच करतो, पण बॅगेत १९८२ साली आलेलं निकॉन एफएम२ हे फिल्म कॅमेऱ्याचं मॉडेल असतंच. त्याचं शटर बॅटरीशिवाय चालतं. रोलमध्ये ३६ फ्रेम, म्हणून हळदीचं बोट गालाला टेकेपर्यंत थांबतो. भर उन्हात धोतराच्या निऱ्या डिजिटलवर पांढरा डाग होतात. कलर निगेटिव्ह फिल्म दोन स्टॉप जास्त एक्स्पोजर, म्हणजे चौपट उजेड, निमूट पचवते. ब्लॅक अँड व्हाइट घरीच धुतो. डी-७६ हा डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), २० अंश सेल्सिअसला. मे महिन्यात त्यासाठी बादलीत बर्फ! एकदा घाईत डेव्हलपरआधी फिक्सर (न उमटलेला थर विरघळवून काढणारं रसायन) ओतला, अख्खा रोल काचेसारखा कोरा. बायको अजून हसते.