मदत हवी आहे: पाऊस थांबला तरी 'इट हॅज बीन रेनिंग' कसं?

नमस्कार मंडळी,

मी संध्याकाळी मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअसची रचना त्यांना पाठ आहे: हॅव किंवा हॅज, मग बीन, मग आयएनजी लावलेलं क्रियापद. आपल्याकडे 'सोमवारपासून' आणि 'तीन दिवसांपासून' दोन्हींत 'पासून'च येतं, म्हणून मुलं बिनधास्त 'सिन्स थ्री डेज' लिहायची. कधी सुरू झालं ते सांगायचं तर सिन्स, किती वेळ चाललंय ते सांगायचं तर फॉर, एवढ्यावर तो घोळ मिटला.

अडलंय पुढे. पुस्तकात व्याख्या आहे की क्रिया पूर्वी सुरू झाली आणि अजून चालू आहे. 'शी हॅज बीन लिव्हिंग इन सांगली सिन्स २०१९', इथे ती चपखल बसते. पण एका मुलीने वाचलेल्या गोष्टीत बाई खिडकीतून ओला रस्ता बघून म्हणते, 'इट हॅज बीन रेनिंग'. पाऊस तर थांबलाय! मग सिंपल पास्ट का नाही, असं तिने विचारलं. प्रश्न अगदी रास्त आहे.

दुसरं म्हणजे 'आय हॅव बीन नोइंग हिम फॉर टेन इयर्स' चूक का? ओळख अजून आहेच की. मला नुसता नियम नको, मुलांना पटेल असं कारण हवंय.

उत्तर १

ताई, ती व्याख्या अर्धीच आहे. क्रिया नुकतीच थांबली असेल आणि तिची खूण समोर असेल, तरी हाच काळ येतो. ओला रस्ता ही खूण. घामाघूम होऊन आलेला मुलगा म्हणेल, 'आय हॅव बीन रनिंग'. 'इट रेन्ड' म्हटलं की नुसती झालेली घटना सांगितली, समोरच्या रस्त्याशी तिचं नातं जोडलं नाही. म्हणूनच नुसतं 'यस्टरडे' आलं की हॅव बीन चालत नाही, पण 'सिन्स यस्टरडे' चालतं, कारण तो काळ आत्तापर्यंत येऊन पोचतो.

'नो' ही कृती नाही, स्थिती आहे. मुलांना आधी 'आय ॲम नोइंग' म्हणून बघायला सांगा. ते जमत नसेल तर 'हॅव बीन नोइंग'ही जमणार नाही. तिथे 'आय हॅव नोन हिम'. सायकल मालकीची असेल तर 'आय हॅव हॅड धिस सायकल फॉर टू इयर्स'. मात्र 'हॅव' जेवणाच्या अर्थाने आलं की ती कृती झाली, मग 'हॅविंग लंच' बिनदिक्कत चालतं.

उत्तर २

यात भर घालते. किती झालं हे मोजून सांगायचं असेल तर आयएनजी नको. 'शी हॅज बीन रायटिंग लेटर्स ऑल मॉर्निंग', पण 'शी हॅज रिटन थ्री लेटर्स'. पहिल्यात सकाळ कशात गेली ते कळतं, दुसऱ्यात हातावेगळं काय झालं ते. हे जोडवाक्य फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, माझ्या वर्गात याचा फार उपयोग होतो.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार! 'ॲम नोइंग'ची कसोटी उद्याच घेते. एकच शंका राहिली: 'हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स' लिहिलं तर चूक धरायची का?

उत्तर १

नाही ताई. लिव्ह आणि वर्क या क्रियापदांना दोन्ही रूपं चालतात, अर्थात फारसा फरक पडत नाही. पूर्ण गुण द्या.