अनुभव धागा: ऑफिसची भरीत पार्टी, स्नेहमिलन आणि आपले हाल

थंडी पडली की जळगाव-भुसावळकडे ऑफिसच्या ग्रुपवर दोनच विषय: वांगी कोण आणणार आणि शेत कोणाचं. बामणोदची वांगी, कळण्याची भाकरी, पुऱ्या, सगळं मान्य. पण भरीत हवं म्हणजे साहेबही सोबत हवेत असं थोडंच आहे? दिवाळीचं स्नेहमिलन असो, 31 डिसेंबर असो, जे खटकलं ते लिहा. कंपनीचं आणि माणसांचं नाव टाळा.

माझंच आधी. आमची पार्टी ‘ऐच्छिक’, तीही रविवारी. न येणाऱ्याला सोमवारी सगळ्यांसमोर विचारतात, “घरी काही अडचण होती का?” वर्गणी पगारातून कापतात. शिपायाची आणि मॅनेजरची सारखीच!

अमळनेर, अकाउंट्स
शेतात पोचलो की पुरुषमंडळी पऱ्हाट्या पेटवतात, वांगी भाजताना फोटो काढतात आणि पत्ते कुटायला बसतात. पुऱ्या लाटायला आम्ही बायका. “ताईंच्या हाताला चव आहे” म्हणे. वर्षभर ताळेबंद जुळवते तेव्हा माझ्या हाताची आठवण कोणाला येत नाही. आचारी सांगा म्हटलं तर “मग मजा काय?” मजा कोणाची, ते तिथेच विचारलं. पुढच्या वर्षी आचारी आला. साहेबांना पुऱ्या तेलकट लागल्या.

भुसावळ
आमच्या घरी चातुर्मास पाळतात, चंपाषष्ठीपर्यंत वांगं वर्ज्य. पार्टी नेमकी त्याआधी. दरवर्षी दही-भाकरी खाऊन भरिताची वर्गणी भरतो.

धुळे, सेल्स
मी पीत नाही, म्हणून ड्रायव्हर मीच. आधी आग्रह, “चाल ना भो, एक घोटवरी काय व्हस?” मग रात्री सुरत-नागपूर हायवेला ट्रकांच्या रांगेतून गाडी काढायची आणि मागच्या सीटवरून वरिष्ठांची गाणी ऐकायची. एकेकाला दारात सोडून मी घरी पोचतो तेव्हा दूधवाला निघालेला असतो. खरी मेख पुढेच आहे. कोणाला कुठला एरिया, हे तिथे तिसऱ्या पेगला ठरतं आणि मी तेव्हा गाडी वळवून लावत असतो.

जळगाव एमआयडीसी, चटई कारखाना
आम्ही ठेकेदाराची माणसं. ऑफिसवाल्यांना हॉटेलात जेवण, आम्हाला सोनपापडीचा डबा. त्याचं काही नाही. पण बोनस विचारला तर म्हणे, “एवढी पार्टी दिली ना?” कोणाला दिली? वर्षात 30 दिवस भरलेल्या पात्र कामगाराला किमान 8.33 टक्के बोनस हा कायद्याचा आकडा आहे. जेवणाचं ताट त्यात वळतं होत नाही.

शहादा
तोरणमाळच्या सहलीवरून परतताना एक वरिष्ठ मुद्दाम शेजारी येऊन बसले. पुढचं इथे लिहीत नाही. तक्रार केली तर उत्तर आलं, “हे ऑफिसात घडलेलंच नाही, गाडीत घडलंय.” भगिनींनो, हे पाठ करून ठेवा: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कामाच्या निमित्ताने गेलो ती जागा आणि मालकाने दिलेलं वाहन, दोन्ही कामाचंच ठिकाण धरतात. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती बंधनकारक. तक्रार लेखी द्यायची, सहसा तीन महिन्यांच्या आत. आमच्याकडे समितीचा फलक होता, त्यावरच्या बाई निवृत्त झालेल्या. मी लेखी दिल्यावर नवी समिती बसली. आता सहल बंद आहे, आणि कोणी विचारलं तर कारण म्हणून माझं नाव सांगतात. त्या माणसाचं कोणीच सांगत नाही.

चोपडा
@शहादा, ताई, तुमचं लिहिणं आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकू का? तुमचं गाव काढून टाकते. आमची सहल पुढच्या शनिवारी आहे.

जळगाव, दालमिल
आमच्याकडे कामाच्याच दिवशी दुपारी शेवभाजी, हमाल आणि मुनीम एका पंगतीत, पैसे शेठचे, चारला सुट्टी. शेठचं भाषण मात्र चुकत नाही.