‘किमान’ म्हणजे नेमके कशापुरते?

प्रश्न (म्हापसा):
येऊ घातलेल्या एका भयखेळासाठी कसा संगणक लागेल याची यादी निघाली, तेव्हा तिच्यातले दोन स्तंभ ‘किमान’ आणि ‘शिफारस केलेले’ असे मराठीत मांडून मी भाच्याला दिले. त्याचा संगणक ‘किमान’च्या ओळीत तंतोतंत बसत होता. त्याने कोकणीत विचारले, “किमान आसा म्हणल्यार खेळ चलतलो न्हय?” (किमान आहे म्हणजे खेळ चालेल ना?) मला धड होही म्हणवेना आणि नाहीही. ‘न्यूनतम’ लिहिले असते तर अर्थ स्वच्छ झाला असता का?

उत्तर (फोंडा):
‘न्यूनतम’ने काही साधत नाही, तो त्याच अर्थाचा जड शब्द आहे. अडचण वेगळी आहे. ‘किमान’ आपल्या कानावर मुख्यतः दोन ठिकाणांहून पडतो. पणजीचे किमान तापमान ही घडून गेलेल्या गोष्टीची नोंद असते, तर कायद्याने ठरवलेले किमान वेतन हे देणाऱ्यावरचे बंधन असते. आपल्या भाच्याने साहजिकच दुसरा अर्थ घेतला: एवढे माझ्याकडे आहे, म्हणजे खेळ मला नीट मिळायलाच हवा. यादीतला ‘किमान’ मात्र घेणाऱ्याला अट घालतो आणि त्या बदल्यात काय मिळेल, हे त्या शब्दात कुठेच येत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ‘ॲलन वेक २’ या भयखेळाच्या वेळी हेच झाले होते. किमान म्हणून आरटीएक्स २०६० किंवा त्या तोडीचे ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम आणि एसएसडीवर ९० जीबी जागा सांगितली होती. त्यातून मिळणार काय, तर सर्वांत खालच्या सेटिंगवर सेकंदाला ३० फ्रेम (चित्रे), आणि तेही डीएलएसएस या चित्र वाढवणाऱ्या तंत्राच्या आधाराने, म्हणजे आत ७२० रेषांचे चित्र काढून ते १०८० रेषांपर्यंत वाढवलेले. खेळाडूंना बोचले ते हेच, की उसने घेतलेले बळसुद्धा ‘किमान’मध्ये धरले होते. जीटीएक्स १०८० टीआय हे जुने कार्ड बाळगणाऱ्यांचे दुःख तर मला अगदी रास्त वाटते. त्यांच्या कार्डावर ११ जीबी मेमरी होती, मागणी ६ जीबीची होती आणि तरीही ते रेषेखाली गेले, कारण त्या कार्डात मेश शेडरची, म्हणजे आकृत्यांची बारीक जाळी वेगाने रेखाटण्याच्या नव्या पद्धतीची, सोय नाही. मार्च २०२४ मध्ये आलेल्या सुधारणेनंतर त्याच जुन्या कार्डांवर खेळ पुष्कळ बरा चालू लागला. म्हणजे हा ‘किमान’ यंत्रावर जितका अवलंबून असतो, तितकाच खेळ कसा बांधला आहे यावरही असतो.

प्रतिप्रश्न (म्हापसा):
पटले. मग स्तंभाला नाव काय द्यावे?

उत्तर (फोंडा):
आपल्या भाषेत ‘-पुरते’ आणि ‘-जोगे’ ही दोन शब्दयोगी अव्यये तयारच आहेत आणि त्यांच्यातला फरक शाळकरी मुलालाही कळतो. पोटापुरते अन्न म्हटले की भूक भागते एवढाच अर्थ निघतो. राहण्याजोगे घर म्हटले की त्यात ऊन, वारा, पाणी यांची सोय धरलेली असते. म्हणून पहिल्या स्तंभाला ‘चालण्यापुरते’ आणि दुसऱ्याला ‘खेळण्याजोगे’ म्हणावे, असे मी सुचवतो. ‘शिफारस’ या शब्दाला आपल्याकडे वशिल्याचाही वास येतो, तोही त्यामुळे टळेल. भयखेळात हा फरक अधिकच जाणवतो. अंधाऱ्या बोळात दार हळूहळू उघडत असताना चित्र अडखळले, की श्वास रोखून बसलेल्या माणसाचे लक्ष दारावरून उडून यंत्राकडे जाते आणि भीती तिथेच विरते. असा खेळ चालतो खरा, पण तो खेळण्याजोगा राहत नाही.

म्हापसा:
स्तंभांची नावे बदलून यादी पुन्हा लिहिली. भाच्याने पहिल्या स्तंभावर बोट ठेवून लगेच विचारले, “पुरतें म्हणल्यार कितले फ्रेम?” त्याच चौकटीत मी ‘सेकंदाला ३०’ असे लिहून दिले.