कट्ट्यावरच्या ज्येष्ठांना जुने अमेरिकन रेडिओ कार्यक्रम ऐकवायचेत, सुरुवात कुठून करू?

राजारामपुरी_नववी_गल्ली

नमस्कार. आमच्या गल्लीत ज्येष्ठांचा कट्टा आहे, माझे सासरेही तिथं असतात. बहुतेक सगळे सांगली केंद्र आणि सिलोनवर वाढलेले. बिनाका गीतमाला, 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी, रात्रीच्या श्रुतिका, असा विषय निघाला की घरी जायचं भान राहत नाही कुणाला. मध्यंतरी एका काकांनी विचारलं, "आपल्याकडं अमीन सयानी होते, तसं तिकडं हॉलिवूडवाल्यांनी रेडिओवर काय केलं?" कुणालाच सांगता येईना. चॅप्लिन आणि लॉरेल-हार्डी सगळ्यांना पाठ, पण ते पडद्यावरचे.

तेव्हापासून इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर शोधतेय. ढीगभर भाग आहेत, कुठून धरायचं कळत नाही. एका रविवारी तासभर फक्त ऐकण्याचा कार्यक्रम करायचा आहे. दोघे-तिघे निवृत्त प्राध्यापक सोडले तर बाकीच्यांचं आयुष्य शेतीत, फौंड्रीत नाहीतर एसटीत गेलंय, त्यामुळं इंग्रजी बेताचं. त्यांना परकं वाटायला नको.

शिवाय सासऱ्यांचा लाकडी मर्फी रेडिओ माळ्यावर आहे. त्यातूनच आवाज काढता आला तर त्यांना फार आनंद होईल. मोबाइल जोडता येतो का त्याला?

दसरा_चौक

ताई, ऐकवण्यापेक्षा दाखवा. लॉरेल-हार्डीचा 'द म्युझिक बॉक्स', १९३२ चा, अर्ध्या तासाचा. दोघं मिळून एक पियानो शंभरावर पायऱ्या चढवतात, एवढीच गोष्ट. विनोदी लघुपटाचं पहिलं ऑस्कर यालाच मिळालं. भाषा लागतच नाही. प्रोजेक्टर आमच्याकडं आहे, कधीही न्या.

श्रुतिकाप्रेमी

लॉरेल-हार्डी मलाही प्रिय आहेत, पण त्यांची सगळी करामत चेहऱ्यात आणि हातवाऱ्यांत. ताईंनी ऐकण्याची संध्याकाळ म्हटलंय, ती तशीच राहू दे.

मी शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यापासून रात्रीच्या जेवणानंतर हीच रेकॉर्डिंगं ऐकतो. माझं ठाम मत आहे की सुरुवात जॅक बेनीनं करावी.

शिकागोत १८९४ साली जन्मलेला हा माणूस १९३२ ते १९५५ रेडिओवर होता, आणि १९५० पासून टीव्हीवरही. कार्यक्रमात तो स्वतःच्याच नावाचं पात्र करायचा: कवडीचुंबक, व्हायोलिन बेसूर वाजवणारा, आणि कितीही वर्षं लोटली तरी वय एकोणचाळीसच सांगणारा. प्रत्यक्षात तो सढळ हाताचा होता, आणि व्हायोलिन घेऊन मोठमोठ्या वाद्यवृंदांसाठी निधी गोळा करत फिरला. पण रेडिओवर त्यानं ते चिकट पात्र वर्षानुवर्षं जपलं.

इंग्रजी कमी पडेल याची मला भीती वाटत नाही. माणूस ओळखीचा नसेल तर मात्र विनोद पोचत नाही. २८ मार्च १९४८ च्या भागात अंधारात एक चोर बेनीला अडवतो आणि विचारतो, "पैसे देतोस की जीव?" बेनी गप्प. रेडिओवर बरं का, जिथं आवाज थांबला की लोक सेट बिघडला म्हणून हात मारतात. तो गप्पच राहतो आणि स्टुडिओतले प्रेक्षक हसायला लागतात. चोर चिडून पुन्हा विचारतो, तेव्हा बेनी ओरडतो, "विचार करतोय ना!" ती शांतता हसवते, कारण तिच्यामागं सोळा वर्षांची ओळख उभी आहे. म्हणून लावण्याआधी पाच मिनिटं मराठीत बेनीची ओळख करून द्या. तो कंजूष आहे, त्याची मॅक्सवेल गाडी पुरातन आहे, पैसे तो घराखालच्या तळघरात ठेवतो. एवढं पुरतं.

ते तळघर तर कुणालाही कळेल. पायऱ्या उतरल्याचा आवाज, किल्ल्या, साखळदंड, करकरणारी लोखंडी दारं, खाली वर्षानुवर्षं बाहेर न पडलेला पहारेकरी, आणि तिजोरीला हात लागला की भोंग्यांचा कल्लोळ. मॅक्सवेलची खोकणारी, धापा टाकणारी धडधड मेल ब्लँक हा नट तोंडानं काढायचा. बग्ज बनी सशाचा आवाजही त्याचाच. हे आधी सांगाच, मग ऐकताना मंडळी कान टवकारतील.

भाग निवडताना एक काळजी घ्या. बेनीचा नोकर रॉचेस्टर हे पात्र एडी अँडरसन या कृष्णवर्णीय नटानं १९३७ पासून केलं, आणि नोकर असूनही तो मालकाला तोंडावर सुनावायचा. पण सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या वर्णावरून केलेले विनोद आहेत, ते आज ऐकवत नाहीत. महायुद्धानंतर बेनीनं आणि त्याच्या लेखकांनी ते काढून टाकले. म्हणून १९४६ च्या पुढचेच भाग घ्या. तोवर अँडरसनचं काम आणखी खुललेलंही आहे.

दुसरा कार्यक्रम 'फिबर मॅगी अँड मॉली'. नवरा-बायकोचं घर, येणारे-जाणारे शेजारी. ती भूमिका करणारे जिम आणि मॅरियन जॉर्डन खरोखरच नवरा-बायको. 'पुन्हा प्रपंच' ऐकलेल्यांना या घरात शिरायला अजिबात वेळ लागणार नाही. यात एक कपाट आहे. फिबर ते उघडतो आणि आतलं सगळं धडाधड कोसळतं, किती तरी वेळ कोसळत राहतं, आणि शेवटी एक छोटी घंटी किणकिणते. याला भाषांतर कशाला हवं?

ऑर्सन वेल्सचं मंगळवासीयांच्या हल्ल्याचं रेडिओनाटक (३० ऑक्टोबर १९३८), बातम्यांच्या थाटात केलेलं, कुणीतरी सुचवेलच. प्रयोग म्हणून ते थोर आहे. लोक घाबरून रस्त्यावर आले ही बातमी मात्र तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी पुष्कळ फुगवली होती. पहिला मोठा भाग बातमीपत्राच्या भरधाव इंग्रजीत आहे, तुमच्या कट्ट्याला दमवेल. पहिल्या बैठकीत नको.

व्हॉल्व्हवाला_शाहूपुरी

सरांनी लई भारी सांगितलं. मी मर्फीचं बोलतो.

ताई, माळ्यावरनं काढला आणि प्लगात घातला असं करू नकासा. इतकी वर्षं पडलेल्या सेटातले कागदी कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे भाग) गळके झालेले असतात, म्हणजे नको तिथं करंट सोडतात. आउटपुट व्हॉल्व्हच्या, म्हणजे स्पीकरला आवाज पुरवणाऱ्या काचेच्या नळीच्या, आधीचा कंडेन्सर गळका असला तर व्हॉल्व्ह तर जातोच, आउटपुट ट्रान्सफॉर्मरबी जळतो. आधी ते बदलायचे, मग सेटाला सिरीजमध्ये बल्ब लावून करंट द्यायचा. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करायचं.

मोबाइल जोडता येतो. मागं 'पिकअप' लिहिलेली दोन भोकं असतील, ती ग्रामोफोनसाठी. मोबाइलचा डावा-उजवा आवाज एकेका रेझिस्टन्समधनं घेऊन एकत्र करायचा, नुसत्या तारा पिळायच्या नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही सेट एसी-डीसी असतात, त्यात मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्यांची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, सरळ लाइटच्या लाइनला जोडलेली असते. असल्या सेटाला मोबाइल लावला आणि कुणी हातात धरला तर जिवावर बेतंल. सेटाला लाइनपासनं वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मधी घातल्याशिवाय त्याला काहीही जोडायचं नाही. प्लग काढलेलाच ठेवून मागची पाटी उघडा, आतला फोटो टाका.

राजारामपुरी_नववी_गल्ली

दादा, बरं झालं विचारलं. उद्या मुलाला माळ्यावर चढवते.

सर, बेनीचे दोन भाग ऐकले. तळघराच्या वेळी स्वयंपाकघरातून सासूबाई बघायला आल्या, कसला आवाज म्हणून. दोन शंका आहेत. काही भागांत जाहिराती आहेत, काहींत नाहीत, असं का? आणि कट्ट्यावर बायकाही येतात. एखादी बाई अख्खा कार्यक्रम पेलते असं काही आहे का?

श्रुतिकाप्रेमी

हे कार्यक्रम जिवंत सादर व्हायचे. अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या वेळा वेगळ्या, म्हणून बरेच कलाकार एकाच दिवशी तोच कार्यक्रम दोनदा करायचे. रेकॉर्ड केलेला कार्यक्रम मोठी रेडिओ नेटवर्कं चालवून घेत नसत. १९४६ मध्ये गायक बिंग क्रॉस्बीनं दुसऱ्या नेटवर्कवर जाऊन ती प्रथा मोडली आणि पुढं चुंबकीय टेपच्या प्रसाराला त्याचा मोठा हातभार लागला. तुम्हाला मिळालेले बिनजाहिरातीचे भाग बहुधा अमेरिकन सैनिकांसाठी बनवलेल्या तबकड्यांवरचे असणार. परदेशी असलेल्या फौजांना ऐकवताना जाहिराती कापत.

बाईंचं म्हणाल तर ग्रेसी ॲलन. जोडीच्या सुरुवातीला विनोद तिचा नवरा जॉर्ज बर्न्स करायचा आणि ती नुसती प्रश्न विचारायची. लोक तिच्या प्रश्नांनाच हसतात हे बर्न्सच्या ध्यानात आलं, आणि त्यानं भूमिका बदलल्या. केवढा समंजस कलावंत! पण तिची गंमत शब्दांच्या उलटसुलट अर्थांत आहे, मराठी कानाला पहिल्या फटक्यात पकडता येणार नाही.

त्यापेक्षा 'सस्पेन्स' मालिकेतली 'सॉरी, राँग नंबर' लावा, १९४३ ची, ॲग्नेस मूरहेडची. आजारी बाई अंथरुणावरून फोन लावते आणि क्रॉस कनेक्शनवर एका खुनाचा बेत तिच्या कानावर पडतो. पुढचा अर्धा तास ऑपरेटर, पोलीस, पुन्हा ऑपरेटर. मूरहेडचा आवाज तक्रारीवरून भीतीवर आणि भीतीवरून किंकाळीवर कसा जातो, ते ऐकाच. ट्रंक कॉलसाठी ताटकळलेल्या पिढीला त्या फोनची तगमग सांगावी लागणार नाही. शेवट आधी कुणाला सांगू नका.

तळघर असलेला बेनीचा भाग आधी, मग चहा, मग ही श्रुतिका. फिबरचं कपाट पुढच्या खेपेला. तासभर पुरे, थकलेले कान ऐकत नाहीत.

राजारामपुरी_नववी_गल्ली

ठरलं, हाच क्रम. चहा कट्ट्यावरच करू. दादा, मर्फीचा आतला फोटो टाकलाय. धूळ खूप आहे, काही कळतंय का बघा.

व्हॉल्व्हवाला_शाहूपुरी

कळतंय की. लाइटची वायर ज्या जाड ठोकळ्याला गेलीय तो मेन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तुमचा सेट एसीचा हाय. तरीबी चासीत करंट उतरत नाही ना हे मीटर लावून तपासल्याशिवाय मोबाइल जोडायचा नाही. डायलची दोरी तुटलीय, ती नवी घालू. मेणानं लडबडलेले पाच-सहा कंडेन्सर दिसतायत, ते सगळे बदलायचे. धूळ ओल्या फडक्यानं पुसू नकासा, कोरडा ब्रश मारा आणि तसाच घेऊन या.