सस्क्वेहानात स्मॉलमाऊथ बाससाठी लूर कुठले घेऊ? दुकानात डोकं फिरलं

वेंगुर्लेकर_पीए

नमस्कार मंडळी, पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गच्या समोरच्या काठाला कॅम्प हिलमध्ये राहायला आलोय, सस्क्वेहाना नदी घरापासून पाच मिनिटांवर. रोज पुलावरून जाताना लोक कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून रॉड फिरवताना दिसतात आणि हात शिवशिवतात. मी मूळचा वेंगुर्ल्याचा, शाळेच्या सगळ्या सुट्ट्या खाडीवर गरवण्यात गेल्यात, पण ते आपलं तंगूस, गरी, शिसं आणि कोळंबीचं आमिष, सगळं हातानेच. लूर, म्हणजे खोटं आमिष, हा प्रकार नवीन. परवा दुकानात गेलो तर एक अख्खी भिंत लूरची, बेडूक काय, मासे काय, रबरी अळ्या काय, आणि तिथला पोरगा म्हणतो स्मॉलमाऊथ बास, म्हणजे इथला नदीतला मासा, सगळ्यावर येतो. मग मी घ्यायचं काय? बजेट दीडशे डॉलरच्या आसपास, त्यात रॉड, रील, दोरा, लूर सगळं बसवायचंय. बोट नाही, कयाक नाही, काठावरून नाहीतर पाण्यात उतरून. सोबत नऊ वर्षांचा मुलगा. आणि शेवटचा प्रश्न, घरातून आलेला: ह्यो मासो खावक कसो लागता?

जुनिएटाकाठचा

शेवटच्याचं उत्तर आधी देतो म्हणजे घरी कोणी मसाला वाटून बसायला नको. तुमच्याकडचा बास घरी नेताच येत नाही. सनबरीच्या फुगवायच्या धरणापासून खाली होल्टवुड धरणापर्यंतची सस्क्वेहाना आणि पोर्ट रॉयलच्या पुलापासून खालची तिची उपनदी जुनिएटा, एवढ्या पट्ट्यात २०११ पासून बास पकडला की तिथल्या तिथे सोडायचा असा फिश अँड बोट कमिशनचा नियम आहे, कारण २००५ पासून नदीत बासची त्या त्या वर्षीची पिल्लं रोगाने मरायला लागली होती. तुम्ही बरोब्बर त्या पट्ट्यात येता. लायसन्स तुम्हाला लागेल, मुलाला नाही, ते सोळाव्या वर्षापासून. वसंतात अंडी घालायच्या दिवसांचे नियम वेगळे असतात, त्या वर्षीचं बुकलेट बघूनच जा.

आता सामान. रॉड स्पिनिंग, साडेसहा ते सात फूट, मीडियम-लाइट किंवा मीडियम पॉवर (म्हणजे ताठपणा), फास्ट ॲक्शन म्हणजे मुख्यतः टोकच वाकतं असा. रील २५०० साइझचं. काटकसर करायची तर लूरमध्ये करा, रॉडमध्ये नको, कारण या नदीत सगळा खेळ तळ हाताला कळण्याचा आहे आणि मऊ लेचापेचा रॉड तो कळू देत नाही. तुम्हाला तंगूस बोटावर घेऊन गरवायची सवय आहे ना, मग तुम्ही इथल्या निम्म्या लोकांच्या पुढे आहात. दोरा १० पाउंड ताकदीची ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, घ्या, भडक पिवळी, पाण्यावर दिसते. पुढे तीन-चार फूट ८ पाउंडाचा फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे घासणीला टिकणारा पुढचा तुकडा, कारण ब्रेड खडकावर घासली की गेली. जोडायला डबल युनी गाठ, टीव्ही बघता बघता शिकता येते.

आणि ती भिंत विसरा. इथल्या बासचं मोठं खाणं क्रेफिश, म्हणजे आपल्या शेवंडीचं बोटाएवढं गोड्या पाण्यातलं भावंड समजा, दगडाखाली लपून राहणारं. त्याच्यासारखं दिसायला दोन गोष्टी पुरतात. साडेतीन इंची ट्यूब, म्हणजे पोकळ रबरी नळी, आत घालायच्या जिगहेडसकट (डोक्याला वजन असलेला गळ), आणि नेड रिग, म्हणजे मशरूमच्या आकाराच्या जिगहेडवर पावणेतीन इंची रबरी काडी. रंग ग्रीन पम्पकिन घ्या आणि पुढे विचार करू नका. रंगावरून लोक तासन् तास वाद घालतात पण मासा लागतो की नाही ते ठरवतं जिगहेडचं वजन. जड झालं तर पहिल्या फटीत जाऊन अडकतं, हलकं झालं तर तळाला टेकतच नाही, प्रवाह वरच्या वर घेऊन जातो. गुडघाभर संथ पाण्यात १/१६ औंस, नेहमीच्या पाण्यात १/८ म्हणजे साडेतीन ग्रॅम, खोल आणि जोराच्या धारेत ३/१६ नाहीतर १/४. एकाच रंगाची ट्यूब आणि चार वजनांचे जिगहेड घेणारा माणूस चाळीस लूर घेणाऱ्यापेक्षा जास्त मासे धरतो, हे माझं ठाम मत.

टाकायचं कसं: प्रवाहाच्या वरच्या बाजूला तिरकं फेका, टेकू द्या, मग रॉडचं टोक वर ठेवून फक्त ढिला दोरा गोळा करत राहा, ट्यूब आपली आपण दगडावरून घरंगळत खाली येते. हाताला टक… टक… टक लागत राहिलं पाहिजे. सतत खरडल्यासारखं लागलं तर वजन जास्त, काहीच लागलं नाही तर कमी. आणि मासा धरतो तेव्हा झटका बसेल अशी वाट बघू नका, बऱ्याचदा टकटक मध्येच थांबते आणि दोरा थोडा बाजूला सरकतो, नाहीतर वजनच गायब होतं कारण तो तोंडात घेऊन तुमच्याच दिशेने येतोय. तेव्हा गुंडाळून ताण घ्या आणि रॉड ओढा.

शेनंडोआ_रविवार

वरच्या दादांचं सगळं बरोबर आहे पण नऊ वर्षांच्या पोराला ट्यूब दिलीत तर तासाभरात तो मोबाइल मागेल आणि तुम्ही खडकात अडकलेलं सोडवत बसाल. मी व्हर्जिनियात शेनंडोआ आणि पोटोमॅकवर मुलांना घेऊन जातो, त्यांच्या हातात पहिल्यांदा इनलाइन स्पिनर, म्हणजे तारेवर पातं फिरणारा लूर, द्यावा, मेप्स ॲग्लिया २ किंवा ३ नंबर, फेकायचं आणि गुंडाळायचं, बस्स. पातं फिरतंय ते रॉडमध्ये थरथरल्यासारखं कळतं, मुलांना तेवढ्यानेच मजा येते, आणि बास नाही आला तरी सनफिश नाहीतर रॉक बास येतोच. एक मात्र आहे, स्पिनरने दोऱ्याला पीळ पडतो म्हणून मध्ये छोटं स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, लावा.

दुसरं म्हणजे जुलै ते सप्टेंबर संध्याकाळचं टॉपवॉटर, म्हणजे पाण्यावर तरंगणारा लूर. रेबेलचा पॉप-आर घ्या, पाणी संथ असेल तिथे खडकाच्या खालच्या अंगाला टाका, वर्तुळं विरेपर्यंत हलवू नका, मग एक टिचकी. मासा पाणी फोडून वर येतो ते बघून पोराला पुढचे आठ दिवस दुसरं काही सुचणार नाही. फक्त फटका दिसला की लगेच ओढू नका, वजन हाताला लागू दे. म्हणजे माझी यादी: दोन स्पिनर, एक टॉपवॉटर, आणि ट्यूब तुमच्यासाठी.

जाता जाता, हा मासा तुमच्या-आमच्यासारखाच बाहेरून आलेला आहे बरं का. पोटोमॅकमध्ये तो १८५४ मध्ये आला, व्हीलिंगकडून कंबरलंडला, रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत बसून. विसाशिवाय.

जुनिएटाकाठचा

मुलासाठी स्पिनर, मान्य. पण ऑगस्टच्या भर दुपारी पाणी काचेसारखं असतं तेव्हा स्पिनरमागे मासे नुसते येऊन बघून जातात, तेव्हा नेडच.

मायाताई_यॉर्क

लूरवर तुम्ही दोघं भांडा, मी त्याआधीचं सांगते. पाण्यात उतरणार असाल तर निघण्याआधी यूएसजीएस या सरकारी खात्याचा हॅरिसबर्ग गेज, म्हणजे नदीच्या पातळीचा आकडा, फोनवर बघायचा. उन्हाळ्यात नदी उतरलेली असते तेव्हा तो साडेतीन-चार फुटांच्या आसपास असतो, त्याच्या फूटभर वर गेला की मी मुलांना पाण्यात नेत नाही, काठावरून काय ते. नदी तिथे जवळजवळ मैलभर रुंद आणि बहुतेक उथळ, त्यामुळे माणूस बोलता बोलता मध्यापर्यंत चालत जातो आणि दोन खडकांच्या मधल्या घळीत एकदम छातीएवढं पाणी लागतं. शेवाळ इतकं की साधी चप्पल-सँडल चालणारच नाही, पाण्यात चालायचे, तळाला खिळे असलेले बूट घ्या, लूरमधले पैसे कापून घ्या. काठी हवीच. मुलाला लाइफ जॅकेट, पाणी कितीही कमी दिसलं तरी.

आणि हॅरिसबर्गमध्ये डॉक स्ट्रीट डॅम आहे त्याच्या वर-खाली अजिबात फिरकू नका. बुटकं धरण आहे, लांबून काहीच वाटत नाही, पण खाली पाणी उलटं फिरतं आणि त्यात सापडलेला माणूस बाहेर येत नाही, तिथे बरेच जीव गेलेत. पुढेमागे कयाक घेतलात तर हे आणखीच लक्षात ठेवा, आणि १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल कयाकमध्ये लाइफ जॅकेट अंगात घालणं कायद्याने सक्तीचं आहे.

मुलाच्या लूरच्या गळांचे उलटे काटे पक्कडीने आधीच चेपून टाका. पॉप-आरला दोन तिहेरी गळ असतात, एक माशाच्या तोंडात आणि दुसरा आपल्या अंगठ्यात, असं सगळ्यांचं कधी ना कधी होतंच. चेपलेला गळ पटकन निघतो, मासाही लवकर सुटतो, आणि तुमच्याकडे तसाही सोडायचाच आहे.

वेंगुर्लेकर_पीए

सगळ्यांचे आभार, खाण्याचं ऐकून घरात जरा शांतता पसरली आहे. 😄 म्हणजे रॉड-रील कॉम्बो, बूट, ट्यूब, नेड, दोन स्पिनर, एक पॉप-आर. अजून दोन शंका. बास नेमका कुठे बसतो, एवढ्या रुंद पात्रात सगळीकडे सारखंच दिसतं. आणि थंडी पडली की हेच सामान चालतं का?

जुनिएटाकाठचा

सारखं दिसतं पण नाही. जिथे जोराची धार आणि संथ पाणी यांची शिवण दिसते, फेसाची रेघ असते बघा, ती शिवण पकडा. बास संथ बाजूला बसतो आणि धारेतून खाणं आलं की तोंड घालतो. तुमच्या भागात खडकाच्या आडव्या पट्ट्याच्या पट्ट्या नदीभर आहेत, त्यांच्या खालच्या अंगाला पाणी खोल होतं ती जागा चुकवू नका. मोठ्या एकट्या दगडाच्या मागे टाकतात सगळे, पण दगडाच्या पुढे, जिथे पाणी आपटून दबतं, तिथेही बास असतो.

ऑक्टोबरनंतर मासे खोल संथ खड्ड्यांत गोळा होतात. तेव्हा एक जर्कबेट, म्हणजे झटके देऊन चालवायचा माशासारखा लूर, वाढवा, रपालाचा हस्की जर्क किंवा एक्स-रॅप, दोन झटके आणि मग थांबायचं, पाणी जितकं गार तितकं जास्त थांबायचं, कंटाळा येईपर्यंत. मासा थांबलेल्या लूरवरच येतो. बाकी ट्यूब चालू राहते, फक्त जवळजवळ हलवायचीच नाही. थंडीत पाण्यात मात्र उतरू नका, काठावरून.

मायाताई_यॉर्क

नेडसाठी झेड-मॅनच्या काड्या घेतल्यात तर त्या बाकीच्या रबरी लूरबरोबर एका डबीत ठेवू नका, त्यांचं मटेरियल वेगळं असतं, दोन्ही वितळून एकमेकांना चिकटतात. त्यांच्याच पाकिटात राहू देत.