युक्रेनचा पहिला चॅम्पियन ताव्रिया? काय भानगड आहे?

रंकाळा_कट्टा:
मंडळी, एक शंका. युक्रेनच्या फुटबॉल लीगच्या विजेत्यांची यादी बघत होतो. दिनामो कीव, दिनामो, दिनामो, मग शाख्तार. आणि सगळ्यात वर, १९९२ ला, ताव्रिया सिम्फेरोपोल! पुन्हा कुठंच नाव नाही. सोव्हिएत काळात दिनामोनं १३ वेळा लीग मारलेली, मग देश स्वतंत्र झाल्या झाल्या हे कोण उपटलं?

ऑफसाइड_आबा:
अर्धाच सीझन होता तो. डिसेंबर १९९१ ला सोव्हिएत संघ मोडला, मार्चमध्ये यांची लीग सुरू. पुढचा सीझन युरोपसारखा उन्हाळ्यानंतर सुरू करायचा होता, म्हणून जूनमध्ये उरकला. २० संघ, १०-१० चे दोन गट, गटातले पहिले थेट फायनलला. सोव्हिएत वरच्या लीगमधले त्यात फक्त सहा, आणि ताव्रिया त्या सहांत नव्हता. राष्ट्रीय संघाची तर आणखी परवड. एप्रिलमध्ये उझहोरोदला पहिला सामना, हंगेरीकडून १-३. १९९४ च्या वर्ल्ड कप पात्रतेत प्रवेशच नाही, सोव्हिएतची जागा रशियाला गेली.

सोलापूरचा_डॉक्टर:
अरे, हा तर माझ्या गावचा क्लब! मी सिम्फेरोपोलला, म्हणजे क्रिमियात, मेडिकलला होतो, २००१ पासून सहा वर्षं. होस्टेलच्या दारावर एक म्हातारा रखवालदार बसायचा. रात्री उशिरा आलं की आधी शिव्या, मग चहा, आणि चहाबरोबर १९९२ ची फायनल. २१ जून, ल्विव. क्रिमियातून ल्विव म्हणजे देशाचं दुसरं टोक. समोर दिनामो. ७५ व्या मिनिटाला सेर्ही शेव्चेन्कोचा गोल, १-०, खेळ खलास. (मिलानचा शेव्चेन्को वेगळा, तो अन्द्री. तेव्हा १५ वर्षांचा पोरगा होता. पहिल्या वर्षी मीही हाच घोळ घातला आणि म्हाताऱ्यानं दोन दिवस बोलणं टाकलं.)

गंमत म्हणजे तो गोल दर वेळी बदलायचा. कधी डोक्यानं, कधी डाव्या पायानं, एकदा तर गुडघ्याला लागून गेला. मिनिट मात्र ७५ च. मी पोचलो तेव्हा दिनामोनं पुढच्या सलग नऊ लीग नेल्या होत्या, पण त्याला विचाराल तर ते सगळे नंतर आलेले.

त्याच्याचबरोबर लोकोमोतिव स्टेडियमला गेलो होतो. कागदाच्या पुडीत भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया, आपण शेंगा खातो तशा, पायाखाली टरफलांचा सडा. मी दोन स्वेटर घालून कुडकुडतोय आणि हा बाबा उघड्या डोक्यानं प्रशिक्षकाला अक्कल शिकवतोय. मॅच कुणाशी होती, आठवत नाही.

रंकाळा_कट्टा:
डॉक्टर, एक नंबर! आमच्या शाहू स्टेडियमवर असले म्हातारे रांगेनं बसत्यात. आता क्लबचं काय?

सोलापूरचा_डॉक्टर:
२०१० ला युक्रेनचा कप जिंकला, तेवढंच. २०१४ ला रशियानं क्रिमिया घेतला आणि क्लब बुडाला. पुढं त्याच नावानं खेरसोनकडं बेरीस्लावला पुन्हा उभा केला, म्हणजे सिम्फेरोपोल नावातच. मग तिकडंही लढाई पोचली.

कुणाकडं त्या फायनलचा व्हिडिओ असेल तर टाका. डोकं का पाय, एकदाचं कळू दे.