युनिव्हर्सल क्रेडिटकडे जाताना घरभाड्याचे काय होते? (इंग्लंडमधील जाणकारांचा सल्ला हवा आहे)

इंद्रायणीकाठ, ऑक्टोबर 2024

आम्ही मिडलंड्समध्ये खासगी घरमालकाच्या दोन बेडरूमच्या घरात राहतो. यजमानांच्या आजारपणामुळे त्यांना उत्पन्नावर आधारित ईएसए (आजारी व्यक्तींचा भत्ता) मिळतो आणि ते सपोर्ट ग्रुपमध्ये, म्हणजे कामाची सक्ती नसलेल्या गटात आहेत. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा सात वर्षांचा आहे. मुलाला कमी ऐकू येते, म्हणून त्याला डीएलए (अपंगत्व भत्ता) मिळतो. त्याशिवाय चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मुलांसाठीची मदत) आणि हाऊसिंग बेनिफिट (घरभाड्याची मदत) चालू आहे. गेल्या आठवड्यात युनिव्हर्सल क्रेडिटसाठी (अशा जुन्या लाभांच्या जागी मिळणारी एकत्रित मासिक मदत) अर्ज करण्याची नोटीस आली असून मुदत जानेवारीपर्यंत आहे.

भाडे महिन्याला 875 पौंड आहे आणि हाऊसिंग बेनिफिटचे 720 पौंड येतात, म्हणजे 155 पौंडांची तूट आम्ही आधीच कशीबशी भरून काढत आहोत. नव्या व्यवस्थेत ही तूट वाढेल का, आणि पहिले पैसे हाती येईपर्यंत भाडे कशातून द्यावे, हे कोणी समजावून सांगेल का? शेजारीण म्हणते की नोटिशीकडे लक्षच देऊ नका.

सह्यकडा

ताई, शेजारणीचे ऐकू नका. मुदतीत अर्ज केला नाही तर ईएसए, चाइल्ड टॅक्स क्रेडिट आणि हाऊसिंग बेनिफिट बंद होतील. मुदत उलटल्यावरही महिनाभराच्या आत अर्ज केल्यास संरक्षण (रक्कम कमी झाल्यास फरक भरून मिळण्याची सोय) टिकते, परंतु त्या सवलतीच्या भरवशावर राहू नये. मी एका सल्ला केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करतो आणि तिथे आलेली बरीचशी नुकसानीची प्रकरणे अर्ज उशिरा किंवा नोटिशीच्या आधीच केल्यामुळे घडलेली होती.

आधी तुमचा हिशेब तपासू. 720 पौंड दर महिन्याला येतात की दर चार आठवड्यांनी?

इंद्रायणीकाठ

दर चार आठवड्यांनी.

सह्यकडा

मग तूट 155 नव्हे, 95 पौंड आहे. वर्षात असे तेरा हप्ते येतात आणि भाडे मात्र बाराच वेळा द्यावे लागते, त्यामुळे आठवड्याचे 180 पौंड महिन्याला 780 होतात. हा तुमच्या परिसरातील दोन बेडरूमचा लोकल हाऊसिंग अलाउन्स, म्हणजे भाड्याच्या मदतीचा कमाल दर दिसतो. परिसरातील खासगी भाडी चढत्या क्रमाने मांडल्यास शंभरातील तिसाव्या क्रमांकाचे जे भाडे येते, त्यावरून हा दर ठरतो. 2020 पासून गोठवलेले दर यंदा एप्रिलमध्ये वाढवले, तरी बहुतेक भाडी त्यांच्या वरच आहेत. युनिव्हर्सल क्रेडिटमध्येही हाच दर लागू असल्याने घरभाड्याचे 780 पौंडच मिळतील आणि 95 पौंडांची जुनी तूट तशीच राहील.

नुकसान होणार आहे ते मुलाच्या रकमेत. अपंगत्वासाठी चाइल्ड टॅक्स क्रेडिटमध्ये महिन्याला सुमारे 347 पौंड मिळतात, तर युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये खालच्या दराने 156. यजमानांच्या वाट्याला थोडी वाढ आहे, ती वजा केल्यास माझ्या अंदाजाने एकूण 110 पौंड कमी पडतात. नोटीस आल्यानंतर मुदतीत अर्ज केल्यास हा फरक ट्रान्झिशनल एलिमेंट म्हणून भरून मिळेल. यजमानांचा सपोर्ट ग्रुप आणि मुलाचा डीएलए यांमुळे बेनिफिट कॅपची (एकूण लाभांवरील कमाल मर्यादेची) चिंता तुम्हाला नाही.

मधल्या काळाबद्दल सांगायचे तर पहिली रक्कम सुमारे पाच आठवड्यांनी येते. हाऊसिंग बेनिफिट आणि ईएसए मात्र अर्जानंतर आणखी दोन आठवडे चालू राहतात आणि ते परत करावे लागत नाहीत. टॅक्स क्रेडिटला ही सोय नाही. अॅडव्हान्स मिळतो, पण तो कर्जच आहे आणि चोवीस महिन्यांत तुमच्याच रकमेतून कापला जातो, म्हणून गरजेपुरताच घ्यावा. भाड्याचे पैसे यापुढेही तुमच्याच खात्यात येतील. भाडे थकण्याची भीती असल्यास ते थेट घरमालकाला देण्याची विनंती करता येते.

दोन अर्ज काउन्सिलकडे (स्थानिक पालिकेकडे) स्वतंत्रपणे करा. पहिला काउन्सिल टॅक्समधील सवलतीचा, कारण हाऊसिंग बेनिफिट बंद झाले की ती सवलत आपोआप चालू राहील असे गृहीत धरता येत नाही, आणि लोक हेच विसरतात. दुसरा डिस्क्रिशनरी हाऊसिंग पेमेंटचा (काउन्सिलच्या मर्जीनुसार मिळणारी भाड्याची जादा मदत), तुमच्या 95 पौंडांच्या तुटीसाठी. तो मिळेलच असा हक्क नाही, परंतु घरखर्चाचा प्रामाणिक तक्ता आणि स्वस्त घर का मिळत नाही याचे कारण जोडले तर विचार होतो.

करवीरकर

थोडे विषयाशी जोडून विचारतो. आम्हाला फक्त टॅक्स क्रेडिट मिळते आणि कोल्हापुरात माझ्या नावावर एक फ्लॅट आहे. तो धरतात का?

सह्यकडा

हो, भारतातील मालमत्ताही भांडवलात धरतात आणि ती लपवणे महागात पडते. भांडवल 16,000 पौंडांच्या वर असल्यास एरवी युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही. टॅक्स क्रेडिटवरून नोटिशीनुसार येणाऱ्यांना बारा महिने या मर्यादेतून सूट आहे. त्यानंतर काय करायचे, ते आत्ताच ठरवून ठेवा.

इंद्रायणीकाठ, जून 2025

हिशेब कळवायचा राहिला होता. अर्ज डिसेंबरात केला आणि दोन आठवड्यांच्या जादा पैशांमुळे अॅडव्हान्स घ्यावा लागला नाही. भाड्याच्या तुटीसाठी काउन्सिलने सहा महिने महिन्याला 40 पौंड मंजूर केले.

मे महिन्यात मुलगी दहा वर्षांची झाली. भाऊ-बहीण आता एका खोलीत धरले जात नाहीत, म्हणून आम्हाला तीन बेडरूमचा दर लागू झाला. तो 940 पौंड असल्याने भाड्याचे पूर्ण 875 मिळू लागले. मला वाटले 95 पौंड वाढले, पण एकूण रक्कम 16 पौंडांनीच वाढली आहे. हे कसे?

सह्यकडा

ट्रान्झिशनल एलिमेंट दुसरी कोणतीही रक्कम वाढली की तितकाच घटतो. बालसंगोपनाच्या खर्चाचा अपवाद सोडला तर. एप्रिलमधील लाभांच्या दरांच्या वार्षिक वाढीने त्याच्या 110 पौंडांतील 31 पौंड गेले आणि 79 उरले. आता घरभाड्यातील 95 पौंडांच्या वाढीने ते 79 संपले, बाकीचे 16 तुमच्या हाती आले. मुलीचा वाढदिवस अर्जाच्या आधी असता तर जुन्या हिशेबातच 875 धरले गेले असते आणि ट्रान्झिशनल एलिमेंटला यामुळे धक्का लागला नसता. नशिबाचा भाग म्हणायचा.

इंद्रायणीकाठ

घरमालक ऑगस्टपासून 925 मागत आहेत. तेही असेच जिरेल का?

सह्यकडा

नाही. ट्रान्झिशनल एलिमेंट आता शून्य आहे आणि 925 हा आकडा 940 च्या आत आहे, त्यामुळे वाढलेले 50 पौंड पूर्ण मिळतील. मात्र वाढ तोंडी स्वीकारू नका, लेखी नोटीस मागा. नवे भाडे लागू होताच त्याच हिशेबाच्या महिन्यात ऑनलाइन खात्यावर कळवा आणि नोटिशीची प्रत जोडा. उशिरा कळवल्यास मागच्या महिन्यांचा फरक बहुधा मिळत नाही.